खंडेनवमीचं गोडं पाणी

मी तेलाच्या प्रयोगशाळेत काम करते असं सांगितलं की आमच्या सुदुंबऱ्यात पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "कुठलं तेल? शेंगदाणा का करडई?" माझे एक चुलतसासरे तर मी घाण्यावर कामाला आहे असं समजून दर दिवाळीला दोन किलो तेल स्वस्तात मिळेल का, असं विचारायचे. ते जमिनीखालचं, खनिज तेल, हे समजावून सांगितलं की दुसरा प्रश्न यायचा. मावळात कुठं निघतं हो तेल? तर मावळात तेल निघत नाही. आपला सगळा काळा पाषाण, त्यात तेलाचा थेंब नाही. एकदा शेजारच्या गावचे एक आबा बोअरच्या पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून घेऊन आले होते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. तो त्यांच्याच पंपातल्या वंगणाचा निघाला. आबांना ते काही पटलं नाही. "परत तपासा, बाई," म्हणाले, आणि बाटली माझ्या टेबलावर ठेवूनच गेले.

मग इथल्या शेडमध्ये आम्ही करत काय होतो? आमच्याकडे लांबच्या तेलक्षेत्रांतून दगड यायचे. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं, ते वाळूच्या दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. विहीर खणली की सुरुवातीला ते आपल्या जोरावर वर येतं. काही वर्षांनी जोर संपतो, पण निम्म्याहून जास्त तेल खालीच असतं. मग एका विहिरीतून पाणी आत दाबायचं, म्हणजे ते तेलाला ढकलत ढकलत शेजारच्या विहिरीकडे नेतं. ऐकायला सोपं आहे. पण पाणी हा मोठा कामचुकार गडी. त्याला सोपी वाट सापडली की त्याच वाटेनं पळत सुटतं, आणि बाजूच्या छिद्रांतलं तेल तिथंच राहतं. शेवटी एका विहिरीत पाणी घाला, दुसरीतून तेच पाणी काढा, असा खेळ होऊन बसतो.

हा खेळ सुधारायचा कसा, हे शोधणं आमचं काम. कधी पाण्यात दाट करणारं औषध घालून बघायचं, कधी सोपी वाट बुजवून बघायची. एवढं मोठं क्षेत्र पणाला लावण्याआधी ते बोटाएवढ्या दगडावर करून बघायचं. तो दगड म्हणजे विहीर खणतानाच हजारो फुटांवरून कापून आणलेला तुकडा. तो आम्ही पोलादी नळीत घट्ट बसवायचो. आधी त्याच्यात तेल भरायचं, मग काही आठवडे तो गरम जागी तसाच मुरू द्यायचा, आणि मग एका टोकानं पाणी सोडायचं, मिनिटाला दोन-तीन थेंब. दुसऱ्या टोकाला काचेची आकडे घातलेली नळी. तिच्यात तेल किती जमलं ते वाचत बसायचं. एक प्रयोग पंधरा-पंधरा दिवस चालायचा. आमच्या घरी म्हणायचे, "हिला दगडातून तेल निघायची वाट बघायचा पगार मिळतो." खरंच होतं ते. वाट बघणं मला चांगलं जमायचं, एरवी माझा स्वभाव तापटच.

या कामात एक गोष्ट काटेकोर पाळायची असते. दगडात सोडायचं पाणी साधं चालत नाही. जमिनीखालचं पाणी खारट असतं, आणि दगडाच्या छिद्रांत चिकणमातीचे बारीक कण असतात. त्यांना त्या खारेपणाची सवय असते. गोडं पाणी लागलं की ती माती फुगते, सुटते, आणि छिद्रं चोंदून दगड कायमचा बाद होतो. म्हणून त्या त्या क्षेत्राच्या पाण्यात जे क्षार असतील ते तोलून मोजून आम्ही इथं पाणी बनवायचो, गाळायचो, आणि पंपाजवळच्या काचेच्या बरणीत भरून ठेवायचो. त्या बरणीला हात लावायचा तो मी किंवा माझ्या जोडीचा तंत्रज्ञ, दोघांनीच. तिसऱ्यानं चालू प्रयोगाला हात लावला तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं, असा आमच्या साहेबांचा नियम होता, आणि तो एकदा त्यांनी पाळूनही दाखवला होता.

बबनभाऊ हे तिसरे. लेण्यांच्या भाजे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथले. डोंगरातली माणसं, थोडी भाताची खाचरं, बाकी मजुरी. मळवलीला गाडी पकडून तळेगाव, तिथून वडापच्या जीपनं आमच्याकडे. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे. ठेकेदाराकडून लागलेले, काम काचसामान धुण्याचं, दगड स्वच्छ करण्याचं, आणि आम्ही नसताना यंत्राचा काटा बघून काही वेगळं दिसलं तर फोन करण्याचं. दगडाला इतक्या हळुवार हातानं धरणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. नवा दगड आला की मेणाचं वेष्टण काढून ते त्याचा वास घ्यायचे आणि सांगायचे, "ताई, ह्यो लय पिलेला हाय." किंवा "ह्याच्यात काय राम न्हाई." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्यांच्या बायकोला मूत्रपिंडाचा आजार होता, आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला न्यावं लागायचं. तो सगळा उपचार कामगार विम्याच्या कार्डावर चालायचा, आणि ते कार्ड या नोकरीवर. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षी आमच्याकडे आसामच्या बाजूच्या एका जुन्या क्षेत्राचे दोन दगड आले. दोनच. त्या विहिरीचे बाकीचे तुकडे आधीच्या लोकांनी संपवले होते. ते क्षेत्र बंद करावं का चालवावं, असा तिकडे प्रश्न होता. विहिरींतून पाणीच जास्त येत होतं. तिथले अभियंते बरुआ फोनवर थोडंच बोलायचे, पण रोज बोलायचे. पहिल्या दगडावर आम्ही त्यांच्याच क्षेत्राचं खारं पाणी सोडलं. काही दिवस तेल आलं, मग थांबलं. नळीतला आकडा जिथल्या तिथं. मी साहेबांना म्हटलं, यातून आणखी काही येईल असं वाटत नाही. तरी पाणी चालू ठेवायचं ठरलं, आणि मध्ये खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या भागात नांगर, ट्रॅक्टर, लेथ, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा होते. प्रयोगशाळा असली म्हणून काय झालं, तीही होतीच. चालू यंत्र बंद करायचं नाही, हळदकुंकू फक्त बाहेरच्या पत्र्याला, नारळ फोडायचा तो आवारात, एवढ्या अटी. माझ्या घरीही ट्रॅक्टरची पूजा होती आणि जोडीदार आधीपासून रजेवर, म्हणून मी पूजेचं बबनभाऊंवर सोपवून दुपारीच निघाले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

त्यानंतरच्या सकाळी येऊन बघते तर नळीत तेल वाढलेलं. आधी वाटलं डोळ्यांची चूक. पुन्हा वाचलं. थांबलेल्या दगडानं पुन्हा तेल सोडलं होतं, आणि थोडंथोडकं नव्हे. साहेबांना बोलावलं. ते नळीकडे बघत नुसते उभे राहिले आणि मग हसायला लागले. पंपावर झेंडूची माळ होती, बबनभाऊ दाराशी. "देवी पावली," असं ते म्हणाले, आणि साहेबांसारख्या माणसानंही मान डोलावली. अर्ध्या तासात बरुआंना फोन गेला. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत कच्चा अहवाल पाठवतो.

दगडातून बाहेर येणारं पाणी छोट्या कुप्यांत आपोआप जमा होत राहतं. त्याचा खारेपणा रोज तपासायचा असतो. दोन दिवसांच्या कुप्या तशाच होत्या, त्या मी दुपारी घेऊन बसले. पहिल्या काही ठीक. मग खारेपणा उतरत उतरत जवळजवळ निम्म्यावर. मी उठून बरणी बघितली. आदल्या कामाच्या दिवशी ती अर्धी होती, मी डोळ्यांनी बघून गेले होते. आता एवढं पाणी जाऊनही ती त्याहून भरलेली होती, आणि गळ्याला कुंकवाचं एक बोट.

बबनभाऊ मागच्या नळावर काचसामान धूत होते. मी विचारलं, "भाऊ, बरणीत पाणी कुणी घातलं?"

"म्या घातलं की," ते अगदी सहज म्हणाले. "पूजंच्या टायमाला भांडं अर्धं व्हतं, ताई. अर्धं भांडं कुटं पूजत्यात व्हय? घरनं झऱ्याचं पाणी आणलं व्हतं तांब्यातनं, कलशासाटी. त्येच वतलं काठोकाठ. लय चोख पाणी हाय."

"ते खारं पाणी होतं, भाऊ. तोलून बनवलेलं. त्याच्यात गोडं पाणी नाही चालत."

माझा चेहरा बघून त्यांना कळलं. हातातली काच त्यांनी खाली ठेवली, हात शर्टाला पुसले. "मंजी बिगडलं का?" मी कुप्यांतला खारेपणा किती उतरला ते सांगितलं. ते म्हणाले, "मी सायबास्नी सांगतो जाऊन." आणि खरंच निघाले. तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांच्या बायकोचा दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा वार होता.

"तुम्ही काही बोलायचं नाही," मी म्हटलं. "मी बघते काय ते."

मी काय बघणार होते, हे मलाही माहीत नव्हतं. गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. तेल जास्त आलंय, सगळे खूश आहेत. पण त्या आकड्यावर विसंबून तिकडे बरुआ तेच जुनं खारं पाणी वर्षानुवर्षं दाबत बसणार, आणि खालून काहीच येणार नाही. दगडाबद्दल खोटं लिहायची मला सवय नव्हती. माणसाबद्दल खोटं बोलायला मात्र मी तयार झाले.

साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, अहवाल पाठवू नका, बरणीत गोडं पाणी गेलंय.

"कुणी घातलं?"

"मी. जाताना घाईत होते. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन उचलला, बनवलेल्याचा समजून."

एवढ्या वर्षांत ते माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बाहेरच्या शेडमध्ये ऐकू जाईल असं बोलले. बरुआंना फोन करून पहिली बातमी परत घेतली, ती माझ्यासमोर, मुद्दाम. मला यंत्रावरून काढून महिनाभर दगड कापायला बसवलं. इतक्या वर्षांच्या बाईला नव्या भरतीच्या मुलींसमोर दगड कापायला! मी रोज घरी येऊन भांडी आपटायचे आणि नवरा विचारायचा, "आज काय झालं?" त्यालाही मी खरं सांगितलं नाही.

पण दगड कापताना डोकं रिकामं असतं. मला एक गोष्ट सुटेना. गोड्या पाण्यानं दगड चोंदायला हवा होता. तो चोंदला नाही. यंत्राचा दाब जरासा वाढून थांबला होता. आणि तेल तर खरंच आलं होतं, नळीत होतं. म्हणजे पूर्ण खारं नाही आणि पूर्ण गोडंही नाही अशा निम्म्या पाण्यानं त्या दगडाला चिकटलेलं तेल सुटलं होतं. असं होऊ शकतं हे आम्ही वाचलेलं होतं. पण क्षेत्रवाल्यांनी सांगितलेलंच पाणी वापरायचं, या शिस्तीत आमच्यापैकी कुणी करून बघितलं नव्हतं. मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, राहिलेल्या दगडावर आपण हेच ठरवून करू.

साहेब रागीट होते, पण कोत्या मनाचे नव्हते. दोन दिवस विचार करून त्यांनी बरुआंना बोलावूनच घेतलं. बरुआ आले. बारीक अंगाचे, तोंडात सतत सुपारी, यंत्राजवळ स्टूल ओढून बसले ते जेवायलाच उठायचे. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "दीदी, इस पत्थर के बाद और पत्थर नहीं है।" मी म्हटलं, माहीत आहे. आधी खारं पाणी सोडलं. तेल आलं आणि थांबलं. मग निम्म्या खारेपणाचं, या वेळी तोलून बनवलेलं, तीन दिवस दर तासाला नोंद. पहिला दिवस काही नाही. बरुआंनी सुपारी खाणंसुद्धा सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नळीत पहिला तपकिरी थेंब चढला. पहिल्या वेळेइतकं आलं नाही, पण आलं, आणि येत राहिलं. बरुआंनी माझ्या दोन्ही हातांना हात लावून नमस्कार केला. दाराशी बबनभाऊ उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते टोपी सारखी करत मागे वळले.

बरुआंच्या क्षेत्रात एका कोपऱ्यातल्या विहिरींवर पाणी बदलून बघायचं ठरलं आणि क्षेत्र बंद करायचा विचार तेवढ्यापुरता मागे पडला. पुढे तिथं किती तेल आलं, ते आमच्यापर्यंत नीट पोचलं नाही. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. आम्ही बोटाएवढ्या दगडाला ओळखतो, क्षेत्र कधी बघत नाही.

आता मला जे लिहायला जड जातंय ते लिहिते. वर्षअखेरीला कंपनीत कार्यक्रम झाला. साहेब भाषणात म्हणाले, "बाईंच्या हातून एक चूक झाली, पण त्या चुकीत काय आहे हे ओळखणारी नजर त्यांच्याकडे होती." टाळ्या झाल्या. खालच्या लोकांच्या तोंडी लवकरच चूक गळून पडली आणि "बाईंची कल्पना" एवढंच उरलं. मला शाल आणि श्रीफळ दिलं. ते तबक धरून उभे होते बबनभाऊ. मला बोलायला सांगितलं. माझ्या मनात आलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर नियम नियमच आहे, आणि खोटं बोलले म्हणून माझंही काही खरं नाही. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. त्यांच्या नोकरीसाठी गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण शाल अंगावर पडली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही तितकंच खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

त्या दिवसानंतर बबनभाऊ माझ्या टेबलापाशी चहाला यायचे थांबले. काम तसंच चोख, बोलणं तसंच आदबीचं, पण चहा मागच्या नळावर एकटेच प्यायचे. मी समजायचं ते समजले. आधी ते निवृत्त झाले, मग मी.

या वर्षी दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असा आग्रह झाला. लिहायला बसले आणि या प्रसंगाशी येऊन अडकले. "माझ्या हातून बरणीत पाणी गेलं" हे वाक्य चार वेळा लिहून चार वेळा खोडलं. मग एका आडवारी, म्हणजे लेण्यांना येणाऱ्या गाड्यांची गर्दी नसते अशा दिवशी, भाज्याला गेले. बबनभाऊंची सून आता लोहगडवाडीच्या वाटेवर पिठलं-भाकरीचं दुकान चालवते. भाऊ मागे कांदे निवडत बसले होते. मला बघून लगबगीनं उठायला लागले, मीच खाली बसले. वहिनी दिसल्या नाहीत, म्हणून विचारलं.

"ती गेली की, ताई. दोन वरसं झाली." हातातला कांदा बाजूला ठेवून म्हणाले, "पर त्या कार्डावर सात वरसं काढली तिनं. दोन नातवंडं मांडीवर घेऊन गेली."

मग एकदाचं सांगून टाकलं. शाल मी घेतली, मान तुमचा होता, तुम्ही दुखावलात, चहाला यायचं सोडलंत, आणि मला एवढ्या वर्षांत एकदाही तोंड उघडता आलं नाही.

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "दुखावलो? मी?" ते म्हणाले. "अवो ताई, सायेब तुमाला बोलले तवा मी बाहेर आयकत व्हतो. तुमी म्हैनाभर दगुड कापलं त्येबी बघत व्हतो. मला वाटायचं, आत जाऊन सांगावं, पर बायकूचं त्वांड डोळ्यापुढं यायचं आन् पाय उचलायचा न्हाई. मंग तुमच्यासंगं बसून च्या कसा घशाखाली उतरंल? लाजंपायी यायचं सोडलं मी."

सुनेनं चहा आणून ठेवला होता. आम्ही दोघंही थोडा वेळ नुसतेच रडलो, म्हाताऱ्या माणसांना शोभेल तेवढं. मग मी म्हटलं, "मी आता अंकात लिहिणार आहे. तुमचं नाव घालून."

"घाला की."

"लिहिते, की बबनभाऊंना दगडाची जाण होती, त्यांनीच पहिल्यांदा..."

"न्हाई, न्हाई," त्यांनी मला मध्येच थांबवलं. "आसं न्हाई लिवायचं. मला काय ठावं व्हतं? भांडं अर्धं दिसलं, म्हणून वतलं. चूक व्हती ती. एवढी वरसं तुमच्या नावावर हाय, आता तेवढी माझ्या नावावर करा. शाणपण नगं, चूकच लिवा."

म्हणून लिहिते. खंडेनवमीला त्या बरणीत झऱ्याचं पाणी मी ओतलं नव्हतं. ते भाज्याच्या बबनभाऊंनी ओतलं, आणि चुकून ओतलं.